चेलोचा वर्ग बंद करणाऱ्या कार्यकारिणीला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमची नोटीस फिरली. चार ओळींची. येत्या सत्रापासून चेलोचा (व्हायोलिनच्याच जातीचं, पण बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं मोठं वाद्य) वर्ग बंद, कारण पट दहाच्या खाली आहे, खोली कीबोर्डच्या नव्या बॅचला देणार, आणि विभागाकडची वाद्यं 'जशी आहेत तशी' विकायची आहेत तर इच्छुकांनी ऑफिसात कोटेशन द्यावं. आधी कुणाशी बोलणं नाही की विचारणं नाही, वर्ग घेणाऱ्या सरांनासुद्धा ही नोटीस एका पालकाने फॉरवर्ड केली तेव्हा कळली. मी ऑफिसात रीतसर पत्र दिलं, पोच घेतली, उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाहीये, मला निर्णय बदलून हवाय.

माझा संबंध काय ते आधी सांगते. मी याच वर्गात शिकले. आमचं घर म्हणजे सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, बाबा एका दुकानात हिशोब लिहायचे, घरात गाणं होतं पण ते रेडिओवरचं. आईने मला व्हायोलिनच्या वर्गात नाव घालायला आणलं होतं आणि शेजारच्या खोलीतून तो खालचा, छातीत जाणवणारा आवाज आला आणि मी तिथेच हटून बसले की मला हेच शिकायचंय. तेव्हाच्या सरांनी आईला एवढंच विचारलं, की नियमित आणाल ना? घरी वाद्य आहे का, घेणार का, किती खर्च करू शकता, असलं काहीच विचारलं नाही कारण वाद्य संस्थेचं होतं. आधी अर्ध्या मापाचा चेलो मिळाला, उंची वाढली तसा पाऊण मापाचा, मग पूर्ण. स्वतःच्या मालकीचा चेलो मी कमवायला लागल्यावर घेतला, तोवर मी जे काही वाजवलं ते सगळं तुमच्या त्या मागच्या खोलीतल्या वाद्यांवर. ती खोली, ती वाद्यं, आणि माझ्यासारख्या घरातल्या मुलीला मिळालेली ती संधी, हे तिन्ही तुम्ही एका नोटिशीत निकालात काढलंय, आणि ते मला गप्प बसून बघता येत नाहीये.

आज माझं घर चेलोवर चालतं. कसं चालतं ते लोकांना माहीत नसतं म्हणून जरा लिहिते. सकाळी दोन तास रियाज, त्यातला पहिला अर्धा-पाऊण तास नुसत्या मोकळ्या तारा आणि लांब बो (गज), म्हणजे सा लावून बसतो ना आपण, तेच. मग दुपारनंतर शिकवण्या. महिन्यातून कधी कधी मुंबईला रेकॉर्डिंग असतं, शिवनेरीत चेलोची जागा आधी ड्रायव्हरशी बोलून ठरवावी लागते कारण साधारण चार फुटांचं वाद्य आहे, डिकीत आडवं टाकून त्यावर बॅगा रचल्या तर मान मोडते. पूर्वी मुंबईच्या स्टुडिओत हिंदी सिनेमाच्या गाण्यांना आख्खा चेलो सेक्शन बसायचा, गोव्याचे, पारशी, बंगाली वादक असायचे. राहुलदेव बर्मन यांच्याकडे अरेंजर, म्हणजे गाण्यातल्या वाद्यांची मांडणी करणारे, म्हणून ज्यांचं नाव मनोहारी सिंग यांच्याबरोबर जोडीने घेतलं जातं ते बासुदेव चक्रवर्ती मूळचे चेलोवादकच. आता बहुतेक वेळा कंप्युटरवरच्या सँपलवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांवर भागवतात, आणि ते फारच सपाट वाटायला लागलं की एका माणसाला बोलावून त्याच्याकडून तोच भाग चार-पाच वेळा वाजवून एकावर एक चढवतात. म्हणजे काम कमी झालंय पण खरा चेलो लागतोच, हे ध्यानात घ्या. डिसेंबरात लग्नाची रिसेप्शन असतात, लॉनवर एंडपिन, म्हणजे चेलो जमिनीवर टेकवायचा खालचा दांडा, मातीत रुततो म्हणून मी बरोबर एक फळी नेते, आणि रात्री गारठा वाढला की तारा चढतात, दर दोन गाण्यांनंतर परत मिळवाव्या लागतात. ख्रिसमसच्या दिवसांत कॅम्पातल्या चर्चमध्ये वाजवते. नाटकांना पार्श्वसंगीत देते. या सगळ्यातून मी श्रीमंत झालेली नाही पण स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि हे सगळं तुमच्या वर्गाने दिलंय.

आता मुद्द्यावर येते.

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पटाचा. तुम्ही सगळ्या वर्गांना एकच नियम लावला, की दहाच्या खाली पट गेला की वर्ग बंद. गायनाला, तबल्याला, कीबोर्डला हा नियम समजू शकते. चेलोला तो लागूच होत नाही. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात साधारण तीस व्हायोलिन बसतात आणि चेलो दहाच्या आसपास. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या संचात, दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं), एक चेलो. म्हणजे या वाद्याची रचनाच अशी आहे की व्हायोलिनवाल्या पोरांच्या मानाने चेलोवाली पोरं कमी असणार आणि तशीच असायला हवीत, सगळेच चेलो वाजवायला लागले तर वरचे सूर कोण वाजवणार. तुमच्या व्हायोलिनच्या वर्गात आज तीसेक मुलं आहेत आणि चेलोला सात. हे प्रमाण ठीक आहे हो! अजून दोन-तीन आले तर उत्तमच, पण सात म्हणजे वर्ग ओस पडलाय असा जो अर्थ तुम्ही काढलात तो चुकीचा आहे. आणि याची दुसरी बाजू बघा, चेलोचा वर्ग गेला की व्हायोलिनच्या त्या तीस मुलांचंही एकत्र वाजवणं संपलं, कारण खालचा सूर धरणारंच कुणी उरणार नाही. चेलोची सगळ्यात जाड तार व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या तारेच्याही दीड सप्तक खाली असते. तो सूर व्हायोलिनमधून कितीही ताकद लावली तरी निघत नाही. गॅदरिंगला मग तुम्ही मागे ट्रॅक लावाल आणि मुलं ट्रॅकवर वाजवतील, एकमेकांचं ऐकून वाजवायला कधी शिकणारच नाहीत.

दुसरं, कीबोर्ड. ऑफिसात मला सांगण्यात आलं की नव्या कीबोर्डमध्ये चेलोचा टोन आहेच की, ज्याला आवड आहे तो त्यावर वाजवेल. कीबोर्ड शिकवा, जरूर शिकवा, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण चेलोला पडदे नाहीत. कुठला सूर कुठे आहे हे बोटाने आणि कानाने शोधायचं, बोट जरासं इकडेतिकडे झालं की बेसूर, आणि मूल ते रोज स्वतः ऐकून स्वतः दुरुस्त करतं. एका सुरावरून दुसऱ्यावर बोट न उचलता जाता येतं, म्हणजे मींड आहे, आणि तीही साधारण पुरुषाच्या गळ्याच्या पट्टीत. उजव्या हातात बो आहे, त्याचा वेग, वजन, घोडीपासूनचं (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) अंतर, या तिन्हींनी एकच सूर दहा प्रकारे वाजतो. बटण दाबून हे शिकता येत नाही. सहा-सात वर्षांचं पोर पहिले कित्येक महिने नुसता सरळ बो ओढायला शिकतं आणि आईवडील घरात तो करकराट सहन करतात, आणि मग एके दिवशी एक सूर स्वच्छ निघतो आणि त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. तुमच्यापैकी कुणी या वर्षी त्या वर्गात येऊन बसलंय का? सर म्हणाले की नाही.

तिसरं म्हणजे वाद्यांची अवस्था, आणि इथे मला राग येतोय तो आवरून लिहिते. सहा चेलो आहेत संस्थेकडे. जुलैपासून वर्गाची खोली 'तात्पुरती' रिकामी करून ते स्टेजखालच्या गोडाऊनमध्ये ठेवलेत, बाहेरच्या भिंतीला लागून, जिथे दर पावसाळ्यात ओल येते हे सगळ्यांना माहितीये. मी सरांबरोबर जाऊन बघून आले. दोन चेलोंच्या कडा सुटल्यात. एकाच्या चारही तारा कुणीतरी पूर्ण सैल करून ठेवल्यात त्यामुळे घोडी पडलीये आणि आतला साउंडपोस्टही (दोन फळ्यांच्या मध्ये उभी असलेली लाकडी काडी) पडलाय, चेलो हलवला की आत खडखडतो. बो तसेच ताणलेले टांगून ठेवलेत, त्यांच्या काड्या वाकणार, आणि एकाचे घोड्याचे केस किडीने खाल्लेत. चेलोची पुढची फळी स्प्रूसची, मागची मेपलची, जेमतेम काही मिलिमीटर जाडीची, आणि सगळं सरसाने चिकटवलेलं असतं. हवेत ४० ते ६० टक्के आर्द्रता असली की लाकूड सुखात असतं. पुण्यात पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते आणि एप्रिल-मेच्या दुपारी अगदी कोरडी हवा, म्हणून आम्ही वादक लोक वाद्याला इतकं जपतो. सरस मुद्दाम थोडा कमी ताकदीचा वापरतात की लाकूड फुगलं-आकसलं तर कड सुटावी आणि फळी तडकू नये. म्हणजे आत्ता जे झालंय ते दुरुस्त होणारं आहे, जाणकार माणूस कडा परत चिकटवून, साउंडपोस्ट उभा करून देईल आणि त्याला फार पैसे लागणार नाहीत. पण अजून एक उन्हाळा ती तशीच राहिली आणि फळीला तडा गेला तर मात्र खर्च वाद्याच्या किमतीपर्यंत जाईल. आधी ओलीत ठेवायची, मग मोडली म्हणून 'जशी आहेत तशी' काढायची, याला काटकसर म्हणता येणार नाही.

त्यातून ही वाद्यं संस्थेने विकत घेतलेली नाहीत, सगळी तरी नाहीत. पाऊण मापाचे दोन कॅम्पातल्या एका पारशी कुटुंबाने दिले होते, त्यांच्याकडे पुढे वाजवणारं कुणी उरलं नाही म्हणून. देताना त्या काकांनी सांगितलं होतं की ज्या मुलांना घेणं जमत नाही त्यांना द्या. मी तेव्हा वर्गातच होते. त्याची नोंद जुन्या देणगी रजिस्टरमध्ये असणार, काढून बघा. ज्या हेतूने वस्तू घेतली तो हेतू तुम्हाला परस्पर बदलता येतो का, हे मी तुमच्यावर सोडत नाही, उत्तर हवंय.

उसन्या वाद्यांचं एवढं का लावून धरलंय तेही सांगते. मुलाची उंची वाढते तसा चेलो बदलावा लागतो, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. म्हणजे आईवडिलांनी शाळा संपेपर्यंत तीन-चार वाद्यं घ्यायची. चांगल्या युरोपियन तारांचा एक सेटच पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो, वाद्य वेगळं, बो वेगळा, बॅग वेगळी. पेठेतलं, वारज्याचं, येरवड्याचं साधं घर हे करू शकत नाही आणि करूही नये. पाब्लो कासाल्स या स्पेनच्या थोर चेलोवादकाचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. १८९० सालची गोष्ट, तेरा वर्षांचा पोरगा, बार्सिलोनात एका कॅफेत वाजवून पैसे मिळवायचा. एक दिवस वडील भेटायला आले आणि त्यांनी त्याला पहिला पूर्ण मापाचा चेलो घेऊन दिला, आणि त्याच दुपारी जुन्या दुकानात नोटेशन धुंडाळताना त्याला बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या सहा चेलो सुइट्सची (एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या रचना) प्रत सापडली. तोवर लोक त्या सुइट्स म्हणजे सरावाचे पाठ समजायचे. त्याने बारा-तेरा वर्षं त्यांचा रियाज केला आणि मग पहिल्यांदा लोकांसमोर वाजवल्या. आज जगात चेलो शिकणारं प्रत्येक पोर त्या वाजवतं, आपल्या वर्गातली मुलंही पहिल्या सुइटचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, वाजवतात. पण कासाल्सच्या हातात तेराव्या वर्षी मापाचं वाद्य आलं होतं. ज्या मुलाच्या वडिलांना ते जमत नाही त्याच्यासाठीच संस्था असते, असं मला लहानपणापासून वाटत आलंय आणि आजही वाटतं.

आता चौथा मुद्दा, म्हणजे बैठकीत म्हणे कुणीतरी असं बोललं की हे आपलं वाद्य नाही. मी तिथे नव्हते, ऐकीव आहे, म्हणून ते कुणी म्हटलं असं मी म्हणत नाही. पण हा विचार कुणाच्याही मनात असेल तर त्याला उत्तर द्यायलाच हवं. पेटी कुठून आली? युरोपातून. ऑल इंडिया रेडिओने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत बाहेर ठेवलं होतं, आणि तरी आज पेटीशिवाय आपली मैफल उभी राहत नाही, संगीत नाटकात तर ऑर्गन घरचाच झाला. व्हायोलिनवर गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग यांनी आपलं शास्त्रीय संगीत वाजवून दाखवलं. चेलोवरही तेच चाललंय की. नॅन्सी कुलकर्णी यांनी उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे तालीम घेऊन चेलोवर ध्रुपद वाजवलं. सास्किया राव-द हास यांनी तर भारतीय बैठकीसाठी वेगळा चेलो घडवून घेतला, पाच मुख्य तारांचा आणि खाली दहा तरफांचा (आपोआप घुमणाऱ्या तारा), जमिनीवर बसून वाजवायचा. आणि शुद्ध पाश्चात्त्य संगीत म्हणाल तर मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे वाजवायला आपल्या पुण्याची पोरं गेली पाहिजेत असं तुम्हाला वाटत नाही का? सवाई गंधर्व महोत्सव या गावाने १९५३ पासून जपलाय, इथल्या माणसाला थंडीत तासन्‌तास ऐकत बसायचं शिकवावं लागत नाही. असे कान असलेल्या गावात चेलोचं एक घर टिकू नये?

संस्थेला पैशाची अडचण आहे हे मला मान्य आहे. लाइटबिल वाढलं, इमारत जुनी झाली, कीबोर्डच्या बॅचला फी जास्त येते, सगळं खरं. पण चेलोच्या वर्गाचा वर्षाचा खर्च म्हणजे एका शिक्षकाचं मानधन आणि थोड्या तारा. ही तूट भरून काढायला तुम्ही कुणाला विचारलंत? आम्ही जुने विद्यार्थी आहोत, पालक आहेत, एक मेल टाकला असता तरी आलो असतो. न विचारता बंद केलंत, याचं जास्त वाईट वाटतं.

तर मागण्या साध्या आहेत.

वाद्यविक्रीची कोटेशनं आजच थांबवा आणि तसं नोटीस बोर्डवर लावा.

सहाही चेलो आणि सगळे बो या आठवड्यात स्टेजखालून काढून वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत हलवा, भिंतीपासून लांब, उन्हात नाही आणि पंख्याखालीही नाही. हलवताना सरांना बोलवा, हमालांच्या हाती देऊ नका. बो सैल करा, चेलोच्या तारा मात्र आणखी सैल करू नका.

चेलो, व्हायोला आणि डबल बासला (चेलोहूनही मोठं वाद्य) दहाच्या पटाचा नियम काढून टाका. त्याऐवजी सगळी तंतुवाद्यं मिळून एक विभाग धरा आणि त्याचा एकत्र पट बघा.

देणगी मिळालेल्या वाद्यांची यादी सभासदांपुढे ठेवा, कुणी दिलं, कधी दिलं, काय सांगून दिलं. आणि मुलांना वाद्य घरी देण्याची जुनी पद्धत, जी कधी बंद झाली तेही कुणाला सांगितलं नाही, ती अनामत घेऊन परत सुरू करा.

शिकत असलेल्या सात मुलांचं वर्ष मोडू नका. त्यातल्या तिघी पुढच्या सत्रात लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेला बसणार आहेत, त्यातल्या एकीकडे स्वतःचं वाद्य नाही. खोली द्यायची नसेल तर निदान संध्याकाळी दोन दिवस द्या, कीबोर्डची बॅच सकाळी घ्या, वेळापत्रक मी आणि सर बसून तुम्हाला करून देतो.

माझ्याकडून काय, तर वाद्यांच्या दुरुस्तीसाठी मुंबईच्या कारागिराला आणायची जबाबदारी माझी, त्याचा खर्च आम्ही जुने विद्यार्थी वर्गणी काढून देऊ, बोलणं झालेलं आहे. सरांना मदतनीस हवा असेल तर आठवड्यातून एक दिवस मी येऊन लहान मुलांना विनामानधन शिकवीन. हे लेखी द्यायला तयार आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी उत्तर द्या, लेखी द्या. नाही आलं तर हाच विषय मी सभेत सभासद म्हणून मांडणार आहे, घटनेप्रमाणे त्यासाठी लागणाऱ्या सह्या जमवायला सुरुवात झालीये. हे वाचणाऱ्यांमध्ये संस्थेचे सभासद असतील तर त्यांनी सभेला जरूर यावं, आणि कुणाकडे मुलांच्या मापाचा न वापरलेला चेलो घरात पडून असेल तर त्यांनी तो अजून कुणाला देऊन टाकू नये, थोडं थांबावं.

आपली,
चेलोच्या वर्गाची माजी विद्यार्थिनी आणि संस्थेची आजीव सभासद
पुणे